सकीनाआपांच्या दगडावरचं कलम

द्वारका चौकाच्या गर्दीतून आमच्या गल्लीत वळलं की आधी इनायतभाईंच्या छिन्नीचा आवाज येतो, मग त्यांच्या बायकोचा. इनायतभाई कबरीचे दगड घडवतात. सकीनाआपा शाळेतून निवृत्त झाल्या, पण शिकवणं काही थांबलेलं नाही. मी शेजारीण, मला त्या चहा गाळण्यावरूनही धडा देतात.

मागच्या महिन्यात इनायतभाईंकडे एक फार जुना दगड दुरुस्तीला आला. वर सपाट पाटी कोरलेली.

"बाईची कबर," ते मला म्हणाले. "जुना रिवाज आहे. पुरुषाच्या कबरीवर कलमदान, म्हणजे लेखणीची पेटी, बाईच्या कबरीवर लिहायची पाटी."

"आणि हिचं नाव?"

"नाव कुठलं? अमक्याची बीवी, एवढंच आहे."

माझं डोकंच फिरलं. आमच्याकडे तरी काय निराळं? फोटोला हार आणि खाली नवऱ्याचं नाव! पण मी तोंड उघडायच्या आत सकीनाआपा पदर खोचून बाहेर आल्या.

"म्हणजे लिहायचं पुरुषांनी आणि लिहून घ्यायचं आम्ही? जन्मभर खडू झिजवला मी! माझ्या दगडावर कलम हवं. नावही नुसतं माझं, तुमचं शेपूट नको."

"अगं, लोकांना वाटेल इथे कुणी बाप्या पुरलाय!"

"वाटू द्या. फातिहाची दुआ पोचेल मला बरोबर."

इनायतभाईंनी मान हलवली. रिवाज मोडला तर धंद्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही म्हणाले. झालं, घरात अबोला सुरू. बिचारे टपरीवरचा पाणचट चहा पिऊन माझ्याकडे गाऱ्हाणं सांगायचे. मला त्यांची अजिबात दया आली नाही.

काल सकाळी पाहते तर अंगणात नवा दगड! वर कलम, खाली ठसठशीत 'सकीना', त्याखाली 'उस्तानी', म्हणजे मास्तरीण, आणि जन्माचं साल. आपा खुर्ची टाकून देखरेख करत होत्या.

"कलमाचं टोक बोथट झालंय," त्या म्हणाल्या. मग दगडावरून हात फिरवत राहिल्या. खूश होत्या, लपवता येत नव्हतं. "आणि जन्मसालापुढची, दुसऱ्या सालाची जागा अशी खडबडीत का सोडलीत? ती पण घासून ठेवा की."

इनायतभाई छिन्नी पुसत होते.

"तेवढं आपल्या लेकाला दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायला सांग," ते म्हणाले. "माझ्याच्यानं नाही व्हायचं."

आपा उठल्या आणि आत जाऊन त्यांनी चहा टाकला.