टोमॅटोची मर आणि टाकीतलं निळं पाणी

फुलंब्रीकडच्या रानात आमच्या टोमॅटोला सलग दोन हंगाम मर लागली. मातीतली बुरशी मुळातून चढते आणि फळांनी लगडलेलं झाड उभ्या उभ्या वाळतं. रान दादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या वाट्याचं. मी ते त्याच्याकडून कसायला घेतलेलं. दादा म्हणाला होता, "आता मर आली तर पुढच्या साली इथं मका. तुझे टोमॅटो बंद." मंडईतला माझा भाजीचा गाळा मी घासाघीस करूनच उभा केला. तशीच घासाघीस करून त्याच्याकडून हा शेवटचा हंगाम काढून घेतला.

मुळांभोवती वाढून बुरशीला जागाच न देणारे जिवाणू बाटलीत मिळतात. ते गुळाच्या पाण्यात वाढवले, त्यात रोपांची मुळं बुडवून लागवड केली, पुढं ठिबकमधूनही सोडले. दुकानदाराशी किमतीवरून भांडलो, पण त्याची एक अट निमूट ऐकली: तांब्याचं औषध जवळ आणायचं नाही, जिवाणू मरतात.

फळं धरली आणि खालची पानं एका अंगानं पिवळी पडली. एक झाड उपटून खोड चिरलं. आत तपकिरी रेघ. बाटली बनावट समजून दुकानदाराला फोनवर नाही नाही ते बोललो. मग लक्षात आलं, याच रानाचा विहिरीपलीकडचा खडकाळ तुकडा हिरवागार होता. बाटली तीच, रोपं तीच.

दादा ठिबकची टाकी धूत होता. तळाशी निळसर पाणी.

"यात काय टाकलंस, दादा?"

"बुरशीचं औषध, तांब्याचं. तुझं गुळाचं पाणी सोडलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"कुणी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला पाहिजे? आपल्याकडं एका औषधावर कोण थांबतंय? तुझं पीक वाचावं म्हणून टाकलं, अन् मलाच डोळे दाखवतो व्हय?"

त्यानं मुद्दाम केलं असतं तर मला बोलता आलं असतं. पण तो खरोखर दुखावला होता.

"अन् विहिरीपलीकडं?"

"तिथपर्यंत औषध पुरलं नाय."

मी त्याचा हात धरून त्याला तिकडं नेलं. त्यानं स्वतः एक खोड चिरलं. आत स्वच्छ, रेघ नाही. बोटानं चाचपून म्हणाला, "खडकाळ जागा. पाणी साचत नाय, म्हणून वाचली."

डोळ्यांसमोर असूनही माणसाला दिसत नाही, हे मला खरं वाटेना. तरी घासाघिशीच्या सवयीनं तोंड उघडलं. "मग हा खडक मला दे. काळ्या रानात लाव तुझा मका."

"घे. लई नडलंय तुझं."

आता मी खडकात टोमॅटो घेतो आणि माझ्या टाकीला कुलूप असतं. दादा आल्यागेल्याला सांगतो, धाकट्याला औषधही दिलं आणि जमीनही. समोर बसून ते ऐकताना मी खिशातली कुलपाची किल्ली चाचपून बघतो.