ड्रमावरची लाल रेघ

साहेबराव मिस्त्रींना, म्हणजे आमच्या उस्तादांना, मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका चालू ब्लोअरला लाकडी दांडकं टेकवून, दांडक्याचं दुसरं टोक कानाशी धरून बसले होते. कारखान्यात हवा ढकलायला असे ब्लोअर असतात. आत दोन रोटर एकमेकांना न शिवता फिरतात. मी तसलाच दुसरा एक नादुरुस्त ब्लोअर टेम्पोतून उतरवायला आलो होतो. उस्तादांनी दांडकं माझ्या हातात दिलं.

"ऐक. काय वाजतंय?"

मी बराच वेळ ऐकलं. "काहीच कळंना."

"असं म्हणणारा पहिलाच भेटलास," ते म्हणाले. "बाकीचे ऐकायच्या आधीच सांगतात, बेरिंग गेलंय."

दुसऱ्या दिवसापासून मी शहागंजच्या मागच्या गल्लीत, त्यांच्या वर्कशॉपात कामाला लागलो. त्याआधी दोन वर्षांत मी सहा नोकऱ्या सोडल्या होत्या.

उस्तादांच्या पंचाहत्तरीच्या या अंकात त्यांचे मोठ्या हुद्द्यावरचे शिष्य लिहितीलच. मी नववी नापास. तरीही लिहितोय, कारण लिहायला मला शाळेनं नाही, उस्तादांच्या रजिस्टरनं शिकवलं. प्रत्येक कामाला एक पान आणि पानावर तीन रकाने असत : काय केलं, काय दिसलं, काय माहीत नाही. तिसरा रकाना रिकामा ठेवून कुणी पान पुढं केलं की उस्ताद चष्मा कपाळावर चढवायचे आणि म्हणायचे, "सगळंच कळलं व्हय तुला? मंग उद्यापासून माझ्या खुर्चीत बस."

तो दुष्काळाचा काळ होता. शहर गारखेड्याच्याही पुढं पसरत चाललेलं, नव्या सोसायट्यांकडं टँकरच्या रांगा, आणि आमच्या गल्लीला आठ-दहा दिवसांनी नळ. अशात कोकणातून परबशेट नावाचे एक गृहस्थ स्पीडबोटीचं इंजिन घेऊन आले. त्या इंजिनाच्या डोक्यावर सुपरचार्जर होता. सुपरचार्जर म्हणजे ब्लोअरच. फक्त तो हवा इंजिनात कोंबतो. हवा जास्त, तर पेट्रोल जास्त, तर जोर जास्त. ब्लोअरवर कान बसलेला माणूस म्हणून कुणीतरी त्यांना उस्तादांचं नाव सांगितलं होतं.

"मिस्त्री, माझी बोट शेजाऱ्याच्या पुढं गेली पायजे, बास," परबशेट म्हणाले.

"शेजाऱ्याचं राहू द्या. इंजिन कुठं तापतं ते सांगा," उस्ताद म्हणाले.

जोर वाढवायचा सोपा रस्ता म्हणजे ब्लोअरची पुली लहान करायची. तो जास्त वेगानं फिरतो. आम्ही तशी लहान पुली बसवली. पण कोंबलेली हवा तापते, आणि तापलेल्या हवेनं इंजिन आतून ठोकायला लागतं. तशा ठोक्यात पिस्टन वितळतो. म्हणून बोटीत ती हवा गार करायला समुद्राचं पाणी सतत खेळवतात, एकीकडून घेतात आणि दुसरीकडून सोडून देतात. आता आमच्या गल्लीत समुद्र कुठून आणायचा?

समोरच्या नूरखाला दारातूनच ओरडल्या, "मिस्त्री, हमकू आठ दिन में एक बार पानी, और तुमारी मशीन कू रोज नहाना होना?"

"खाला, तिला आंघोळ नाय. एकच तांब्या फिरवून फिरवून वापरील ती," उस्ताद हसून म्हणाले.

आणि त्यांनी तसंच केलं. चार ड्रम जोडले, ट्रकचे जुने रेडिएटर आणि पंखे लावले. तेच पाणी इंजिनातून जायचं, निवायचं, परत यायचं. मग अख्ख्या गल्लीसमोर त्यांनी ड्रमावर लाल रंगानं रेघ ओढली. "सकाळी इथं, तर संध्याकाळीबी इथं. खाली गेलं तर मशीन बंद." उन्हानं उडालेलं पाणी भरून काढायला ते गारखेड्याच्या आपल्या घरून रोज एक बाटली आणत. नूरखाला रोज संध्याकाळी येऊन रेघ बघून जात. गल्लीची टँकरनं भरायची टाकीसुद्धा उस्तादांच्याच ओट्यावर होती. एवढा त्यांच्यावर भरवसा.

इंजिनाला ओझं द्यायला आम्ही जुन्या जनरेटरचा अल्टरनेटर आणि जोर मोजायला मीटर जोडला होता. पूर्ण जोर दिला की दीड मिनिटात ड्रमातलं पाणी तापायचं आणि ठोके सुरू व्हायचे. उस्ताद लगेच बंद करायचे. परबशेटना मात्र पूर्ण जोरात पाच मिनिटं हवी होती आणि ते दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते. त्या दुपारी उस्ताद छावणीत लेथवाल्याकडं मोठी पुली कातून आणायला गेले. म्हणजे ते जोर कमी करणार होते. मला ते पटेना. इंजिनात दम आहे, पाणीच गरम आहे, हे मला दाखवून द्यायचं होतं.

ड्रम सोडून मी गल्लीच्या टाकीचा पाइप थेट इंजिनाला लावला. गार पाणी आत, गरम पाणी नालीत. पाच मिनिटं इंजिन एकदाही ठोकलं नाही. मीटरवरचा आकडा बघून मी एकटाच नाचलो.

उस्ताद परतले ते दारातच थांबले. दुष्काळात वाहती नाली लपत नाही.

"नाली ओली कशानं रे?"

"ड्रम सांडला, उस्ताद."

त्यांनी ड्रमाकडं पाहिलं. पाणी बरोबर लाल रेघेवर होतं.

पाच वाजता बाया हंडे घेऊन आल्या, आणि शेवटच्या चार घरांना टाकीत पाणी उरलं नाही. त्या चारांत नूरखालांचंही घर होतं.

"किसने किया, मिस्त्री?"

"वर्कशॉप माझं हाय, खाला. पाणी माझ्या मशीनला गेलं. चूक माझी."

"तुमसे ये उम्मीद नै थी," खाला म्हणाल्या. मी इंजिनाच्या पलीकडं उभा होतो. तोंड उघडायला तेवढा एक क्षण होता, तो मी जाऊ दिला.

उस्तादांनी आणि त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, गारखेड्याहून आपल्या घरचं पाणी स्कूटरवरून कॅन भरभरून आणलं, तीन खेपा. चारही घरं भरली. पण दोन दिवसांत टाकी त्यांच्या ओट्यावरून उचलून गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि तिला कुलूप लागलं. पुढं कितीतरी दिवस उस्ताद दिसले की पोरं ओरडायची, "मिस्त्री, रेघ कितीवर आली?" उस्ताद हसायचे. मला मात्र ते हसणं बघवत नसे.

परबशेटना त्यांनी साफ सांगितलं, "ही लहान पुली गार पाण्यावर चालंल, कोमट पाण्यावर पिस्टन खाईल. मी मोठी लावून देतो. जोर थोडा कमी, पण भर समुद्रात बंद पडणार नाय." परबशेट कुरकुरत इंजिन घेऊन गेले.

त्या दिवशीचं पान उस्तादांनी माझ्यापुढं ठेवलं होतं. माझा पेन हलेना. त्यांनी पान मिटलं. "कोरं राहू दे. खोट्यापरीस कोरं बरं." त्याहून जास्त ते मला कधीही बोलले नाहीत. दोन महिन्यांनी मी काम सोडलं. लोक म्हणाले, पाय टिकत नाही पोराचा. खरं म्हणजे मला रोज ती रेघ बघवत नव्हती.

आज मी आखातात बोटींच्या यार्डात आहे. काम तेच, सुपरचार्जरच्या इंजिनांचा जोर वाढवायचा. इथं सगळीकडं समुद्र, तरी उन्हाळ्यात त्याचं पाणी आमच्या ड्रमासारखं तापतं. फोरमन गार पाण्याच्या टाकीवर चाचणी घेऊन लहान पुली पास करायला निघतो, तेव्हा मी अडून बसतो : आधी गरम पाण्यावर चालवा. दोनदा नोकरी जाता जाता राहिली. इंजिनं मात्र वाचली. आता मला सगळे 'गरमपानी' म्हणतात. ते नाव माझं नाही, उस्तादांचं आहे.

नूरखाला आणि गल्लीतले सगळे, हा अंक समारंभात तुमच्या हाती येईल. टाकी ज्यांच्या ओट्यावरून तुम्ही हलवली, त्यांनी तुमच्या पाण्याचा एक थेंबही घेतला नव्हता. उस्ताद, तुमच्या परवानगीशिवाय ते पान मी आज भरतो.

काय केलं : गल्लीच्या टाकीचं पाणी मी इंजिनाला लावलं, पाच मिनिटं.

काय दिसलं : मीटरचा आकडा चांगला. चार घरांचे हंडे रिकामे.

काय माहीत नाही : तुम्ही माझं नाव का घेतलं नाही.

उस्तादांच्या कानाला आणि हाताला कधी गंज न लागो, त्यांनी शंभरी गाठावी, काकूंची साथ तोवर राहावी. आणि एकदा त्यांनी इथं यावं. समुद्र त्यांनी अजून पाहिलेला नाही. मी त्यांना धक्क्यावर नेईन. लाटांकडं बघायच्या आधी ते वाकून पाण्यात हात घालतील आणि म्हणतील, "कोमट हाय रे."