सुप्रभाताईंचं बेन सारेक

सुप्रभा पेंडसे यांनी कॉव्हेंट्रीत एकतीस वर्षं लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासले. निवृत्त झाल्या आणि त्यांना ब्लॅककरंटचा ध्यास लागला. गार्डन एवढंसं, म्हणून त्यांनी ‘बेन सारेक’ या जातीचं ठेंगणं झुडूप आणलं. फळ आंबट, पण त्यांना आंबटच हवं होतं. त्याची सोलकढी करायची होती!

तीन उन्हाळे गेले. पानं भरघोस, फळं सात.

त्यांच्या नवऱ्याला, कमलाकररावांना, तिथे अवजारांची शेड हवी होती. “अगं, सात फळांसाठी एवढी जागा? येत्या जुलैतही काही आलं नाही, तर मी ते खणून काढणार.”

“खणा. मग शेडमध्येच जेवा.”

फेब्रुवारीत ताई नेहमीप्रमाणे कात्री घेऊन झुडपापाशी वाकल्या. माहेरी तुळशीचे शेंडे खुडत, तशाच त्या दर हिवाळ्यात कोवळ्या फांद्या छाटत आणि जुन्या, काळपट फांद्या जपत. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारची डोरीन ओरडली, “थांब, थांब! फळं आदल्या वर्षीच्या फांद्यांवर धरतात. जुन्या काप, पार बुंध्यापासून!”

ताई ओल्या मातीत मटकन बसल्या. “म्हणजे तीन वर्षं मीच...” मग उठल्या आणि त्यांनी सगळ्यांत जुन्या चार फांद्या काढल्या. नव्यांना हात लावला नाही.

जुलैतल्या एका सकाळी त्यांची हाक घुमली. “अहो! या लवकर! असाल तसे या!”

एका गालाला दाढीचा फेस तसाच ठेवून कमलाकरराव धावले. फांदीफांदीवर काळेभोर घोस लोंबत होते. आधी वाडगा भरला, मग पातेलं, मग कढई. ताईंची बोटं जांभळी झाली, नाकही.

थोडी फळं जॅमला गेली, थोडी फ्रीझरमध्ये. उरलेली उकळून, गाळून त्यांनी नारळाचं दूध घातलं. लसूण, मिरची, मीठ. रंग असा गडद की दोघं बघतच राहिले. कमलाकररावांनी घोट घेतला.

“ही काही कोकमाची नाही.”

“नाहीच.”

“मग आणखी ओत की!”

दुसऱ्या दिवशी ते मोजायची टेप घेऊन झुडपापाशी वाकलेले दिसले. ताई धावल्या. “अहो, खणायचं नाही हं!”

“खणतोय कुठे? डोरीन म्हणते, ‘एबनी’ जातीच्या ब्लॅककरंटची फळं गोड, नुसती खाता येतात. दोन झुडपांमध्ये पाच फूट पुरतील ना?”

“आणि शेड?”

“छत्रीएवढी करू.”

ताईंनी टेपचं दुसरं टोक पकडलं. “सव्वापाच धरा.”