चांदीच्या ट्रेमध्ये नसलेला अवयव

त्या दिवसांत माझा देवीवर राग होता, हे आधीच कबूल करते. दर मंगळवारी तिच्या पायरीवर डोकं टेकवणारी मी, वय सव्वीस. एक दिवस अंघोळीनंतर केस पुसायला हात वर केला, तर डाव्या स्तनावरची कातडी एका जागी आत ओढलेली दिसली. दुखत नव्हतं, पण हाताला काहीतरी टणक लागत होतं. आईला दाखवलं. तिने जेमतेम पाहिलं आणि आधी जाऊन खिडकी लावली.

"कोणाले सांगू नको वं," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात पाहुणे येऊन राहिले तुले पाहाले. देवीले नवस बोलू, जाईन निघून."

म्हणजे आधी स्थळाची काळजी, मग माझ्या जिवाची. अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य, असं लोक हसून म्हणतात. आमच्याकडे तर जावई अजून यायचाच होता, तरी दुखणं त्याच्यापासून लपवून ठेवायचं होतं! तीन आठवडे मी गप्प बसले. त्याचा आजही संताप येतो, आईचा येतो तितकाच स्वतःचाही.

आमच्या नंदनवन वस्तीतल्या देवीला नवसाचे चांदीचे अवयव वाहतात, ज्याचं जे दुखेल ते. तेच आणायला आईने मला इतवारीच्या बाजारात पाठवलं. सराफाने ट्रे पुढे केला. डोळ्यांच्या जोड्या होत्या, कान, हात, पाय होते, दातांची एक कवळीसुद्धा होती. मी म्हणाले, छातीचं पाहिजे, बाईमाणसाचं. त्याने मान खाली घातली, खण उघडला आणि अख्ख्या माणसाची आकृती ठोकलेला चांदीचा पत्रा माझ्यापुढे ठेवला.

"हे घ्या. यात सगळंच येते."

माझं टाळकं सटकलं. दातांना देवीपुढे जागा आहे, आणि जिला आपण आई म्हणतो, तिच्यापुढे लेकराला दूध पाजणाऱ्या अवयवाचीच लाज? "काय काय येते यात, दाखवा तर मले!" मी भर दुकानात ओरडले. गिऱ्हाइकं वळून पाहू लागली.

तेव्हा आतून त्याची बायको आली. पन्नाशीची, हाताला चांदी घासायची पांढरी भुकटी लागलेली. मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. तिने मला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि सरळ विचारलं, "गाठ लागते का वं?" तीन आठवड्यांत हे विचारणारी ती पहिली. मी तिच्यावरच चिडले. म्हटलं, इतकं करते मी देवीचं, तिले दिसत नाही का?

"देवीवर काहून चिडतं?" सराफकाकू म्हणाल्या. "मी बी सात महिने नवसच बोलत बसली होती. एक बाजू काढा लागली मायी. मंग आमच्या यायनं दुकानाचं शटर अर्धं पाडून मायासाठी चांदीचं ते बनवलं, कोणी पाहीन म्हणून. चाल, चप्पल घाल. चांदीचं मंग पाहू."

त्यांनी मला ऑटोत बसवलं आणि धरमपेठेत आपल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. नंबर लागेपर्यंत माझा हात धरून बसल्या. सोनोग्राफी झाली, सुईने तुकडा काढून तपासायला गेला. नुसतं पाहून सांगता येत नाही, बाई म्हणाल्या. रिपोर्ट येईपर्यंत मी देवीकडे काही मागितलं नाही. रोज एवढंच म्हणायचे, मी माझं केलं, आता तू तुझं बघ. चिडूनच म्हणायचे, पण त्या दिवसांत मला झोप लागू लागली.

कॅन्सर नव्हता. कधीतरी लागलेल्या मारामुळे आतली चरबी आकसून तशी गाठ झाली होती. याला कृपा म्हणावं की योगायोग, यावर मी वाद घालत नाही. त्या ट्रेमध्ये हवं ते मिळालं असतं तर मी ते घेऊन मुकाट घरी आले असते, एवढं मात्र खरं. आणि काकूंसारखी सात महिने बसले असते.

या वेळी सराफाने शटर उघडं ठेवून चांदीचा स्तन घडवला. आईला मी रिपोर्टसोबत काकूंचे सात महिनेही सांगितले होते; मंगळवारी ती माझ्यासोबत देवळात आली. पुजाऱ्याने ते पाहिलं आणि घाईघाईने वर झेंडूचं फूल ठेवलं. मी बोलणार, तोच आईने हात पुढे करून फूल बाजूला सारलं.

"राहू द्या उघडं, महाराज," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "माया पोरीच्या छातीचं आहे."

मी देवीला हात जोडले. शरण जायला गप्प बसावं लागत नाही, हे तिने मला माझ्या आईच्याच तोंडून ऐकवलं होतं. डोळे उघडले तर रांगेत मागे उभी असलेली एक बाई आईचा पदर ओढत होती.

"ताई," ती हळूच विचारत होती, "कोणत्या डॉक्टरीणले दाखवलं वं?"