गंगेने धुतलेली बाटली

आमच्या घरात एके काळी एक नवा जंतू जन्माला आला होता. त्याचं कौतुक बारशाच्या वरताण झालं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. यांना मूत्रमार्गाचा संसर्ग झाला. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामावर जाणारा धडधाकट माणूस पंचवटीतल्या आमच्या दोन खोल्यांत हुडहुडी भरून पडलेला. इंजेक्शनं चालू होती, पण ताप हटत नव्हता. हे उठतात की नाही, याचीच मला धास्ती लागली होती.

डॉक्टर तरुण, नुकतेच शिकून आलेले. लघवी तपासायला त्यांनी निर्जंतुक केलेली बाटली दिली. रिपोर्टात तीन-चार जातींचे जंतू निघाले. त्यांनी इंजेक्शन बदललं, पुन्हा बाटली दिली. या खेपेला आणखी जाती, आणि त्यातली एक त्यांच्या पुस्तकातच नव्हती.

"वहिनी, हा बहुधा नवाच जंतू आहे!"

पेढे वाटायचे तेवढे राहिले होते. इकडे नवरा तापात बरळतोय आणि हा बाबा जंतूच्या प्रेमात! असा संताप आला म्हणून सांगू.

पुढची बाटली घरी आली त्या सकाळी मी सहज मोरीत डोकावले. सासूबाई ती बाटली तांब्यातल्या गंगेच्या पाण्याने विसळत होत्या. आम्हा नाशिककरांची गंगा म्हणजे गोदावरी.

"अहो आई, हे काय?"

"दवाखान्यातली बाटली. कोणाकोणाचा हात लागलेला! दर वेळी धुते, तरी रिपोर्ट बिघडतोच. म्हणून आज तुळशीचं पानही घातलंय."

गंगेच्या पाण्यात जंतू असतात, हे त्यांना ब्रह्मदेवही पटवू शकला नसता. मी वेगळीच वाट धरली.

"आई, बाटलीत राहिलेल्या त्या गंगेतच हे लघवी करतात."

सासूबाईंच्या हातून तांब्याच निसटला. "अगं बाई! माझ्या हातून हे काय पाप घडलं!" म्हणत त्या तशाच डोक्यावरून अंघोळीला बसल्या. मी दवाखान्यातून दुसरी बाटली आणली आणि थेट यांच्याच हातात दिली.

रिपोर्ट घ्यायला गेले, तर डॉक्टरांचा चेहरा पडलेला.

"एकच जंतू निघाला हो. तोही अगदी साधा. साध्या गोळ्यांनी जाईल."

मी पदर तोंडाला लावला आणि त्यांच्यासमोरच ढसाढसा रडले.

डॉक्टरांनी पाण्याचा पेला पुढे केला. "असं निराश होऊ नका, वहिनी," ते म्हणाले. "पुन्हा सापडेल."