वाक्य पुरं न करणारा मास्तर

माझे वडील मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या जिल्हा कोर्टात वकिली करायचे आणि उरलेल्या वेळात अध्यक्षस्थान भूषवायचे. गणेशोत्सव, शाळेचं बक्षीस वितरण, कोणा तहसीलदाराचा निरोप समारंभ, कोणाची तेरवी. जिथे खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल टाकलेला असेल, तिथे बाबा असत. कोर्टात हिंदी, मंडळात मराठी, आणि पाहुणा फारच मोठा असला तर दोन्ही. मी मागच्या रांगेत बसून त्यांच्या विशेषणांची वाट पाहायची. ती ठरलेल्या क्रमानं यायची, बाराती पंगतीला बसावेत तशी.

एका फेब्रुवारीत सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातला वस्तरा खाली पडला. उजवा हात गेला, आणि बोलणं गेलं. गोंदियाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की यांना ऐकू येतं, समजतं, वाचता येतं. शब्द तेवढे सापडत नाहीत. हळूहळू काही सापडतील, काही सापडणार नाहीत. "बोलत राहा यांच्याशी," ते म्हणाले, "पण यांचं वाक्य यांना पुरं करू द्या."

यातलं पहिलं सगळ्यांनी पाळलं. लोक येत आणि बोलत. बाबांचे कान चांगले शाबूत होते, तरी कटंगीचे मामा दारातूनच ओरडले, "भाऊजी! ओळखलं का मले?"

बाबांनी मान हलवली. मग खिडकीकडे डावा हात करून म्हणाले, "ते... त्याले... ते..."

"हौ हौ, चहा!" मामा म्हणाले. "बाई, भाऊजीसाठी चहा ठेव वं."

"आत्ताच तर झाला," आई म्हणाली, पण ठेवला. बाबांना खिडकी लावून हवी होती. उन्हाची तिरीप त्यांच्या डोळ्यांवर येत होती. त्या महिन्यांत त्यांनी न मागितलेला चहा किती प्यायला, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. "ते", "तो", "त्याले" एवढंच त्यांच्या तोंडी उरलं होतं, आणि प्रत्येकजण त्या "ते"मध्ये स्वतःच्या मनातलं भरत होता. जन्मभर दुसऱ्यांच्या वतीनं बोललेल्या माणसाच्या वतीनं आता सगळं गाव बोलत होतं.

त्यांच्या हाताखालचा जूनियर खैरलांजीकडचा, सालस होता. एप्रिलमध्ये तो एक कागद घेऊन आला. बाबांच्या सगळ्या केसेस त्याच्याकडे सोपवल्या जाव्यात अशी विनंती त्यात टाइप केलेली होती. "ताई, सायबाची डाव्या हातानं सही घेऊन द्या, बाकीचं मी पाहून घेतो. सायबाले कोर्टात यायचं काही काम नाही." त्यानं ते बाबांसमोरच सांगितलं, पण माझ्याकडे पाहून.

मी बाबांकडे पेन दिलं. त्यांनी ते खाली ठेवलं. "मी," ते म्हणाले. बऱ्याच वेळानं पुन्हा, "मी."

"हौ साहेब, तुम्हीच सही करा," जूनियर म्हणाला.

बाबांनी डोळे मिटून घेतले. मला वाटतं त्या दिवशी मला कळलं की त्यांचा आग्रह केसेस ठेवण्याचा नव्हता. त्यांना त्या सोडायच्याच होत्या. पण सोडल्या असं सांगायचं ते त्यांना स्वतःच्या तोंडानं, उभं राहून, कोर्टात सांगायचं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर जूनमध्ये कोर्ट उघडणार होतं. आणि आत्ता त्यांच्याकडे "मी" आणि "ते" एवढी दोनच सर्वनामं होती.

याच सुमारास मी प्रोग्रॅमिंग शिकत होते, आणि त्याचा बाबांशी काही संबंध नव्हता. मी एका खाजगी कॉलेजात इंग्रजी शिकवायची. आमच्याकडे कॉम्प्युटर कक्षाचं उद्घाटन मोठ्या थाटात झालं होतं. मंत्र्यांनी फीत कापली, नारळ फुटला, पहिल्या मशीनच्या पडद्यावर कुंकवाचा टिळा लागला. तो पुसायला कोणी धजावलं नाही, त्यामुळे त्या मशीनवर जे वाचायचं ते टिळ्याच्या दोन्ही बाजूंनी वाचावं लागे. मग सगळ्यांवर प्लास्टिकची आवरणं चढली आणि प्राचार्यांनी जाहीर केलं की सर्व अध्यापकांनी या नव्या युगाला सामोरं जावं. सामोरं कसं जायचं ते सांगितलं नाही. मला कोणीतरी एका परदेशी विद्यापीठाचा फुकट अभ्यासक्रम दाखवला. घरी नुकतंच ब्रॉडबँड आलं होतं. मी नाव नोंदवलं.

अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं की हे कोणालाही जमतं. माझा अशा वाक्यांवर विश्वास नाही, आणि आठवड्याभरात तो नसण्याला पुरावाही मिळाला. धडा वाचायचा, खालच्या चौकटीत चार ओळींचा प्रोग्रॅम लिहायचा, बटण दाबायचं. तो समुद्रापार कुठेतरी जायचा आणि थोड्या वेळानं उत्तर यायचं. माझं उत्तर बहुतेक एकच असायचं: अमुक ओळीत चूक आहे. कवितेतल्या एका ओळीचे चार अर्थ लावून पोट भरणाऱ्या बाईला हे झोंबतं. मी पडद्याशी वाद घालायची. "अगं, मला काय म्हणायचंय ते दिसतंय ना तुला?" पडद्याला दिसत नव्हतं. एका स्वल्पविरामावरून त्यानं मला एक अख्खी संध्याकाळ बसवून ठेवलं. शिकणाऱ्यांसाठी चर्चेचं एक पानही होतं. तिथे जगभरचे लोक आपली ओळख करून देत आणि जग बदलण्याचे बेत सांगत. तिसऱ्या धड्यापर्यंत त्यातले बरेच दिसेनासे झाले.

बाबा शेजारच्या आरामखुर्चीत बसून हे बघत असत. एकदा माझा प्रोग्रॅम तिसऱ्यांदा परत आला तेव्हा त्यांनी डावा हात पुढे केला आणि पडद्यावर एका ओळीवर बोट ठेवलं. चूक तिथेच होती. मी कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला.

"काहून त्यायले त्रास देऊन राह्यली वं तू?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "आराम करू दे."

बाबांनी आईकडे पाहून हात झटकला. हा हावभाव मात्र कोणाला चहाचा वाटला नाही.

ते एका बोटानं टाइप करायचे, एकेक अक्षर शोधून. त्या भाषेत शब्द मोजकेच होते, साधे इंग्रजी, आणि समोर धड्यात लिहिलेले. आठवायचं काही नव्हतं, निवडायचं होतं. चूक मात्र ते एकच करायचे आणि पुन्हा पुन्हा करायचे. ती त्यांच्या धंद्यातून आली होती, असं माझं मत आहे. भाषणात ते नेहमी निष्कर्षापासून सुरुवात करत. आधी गर्जना, मग ती कशाबद्दल होती ते. प्रोग्रॅमही त्यांनी तसाच लिहिला: पहिल्या ओळीत निकाल छापायचा हुकूम, आणि निकाल हे नाव कशाचं ते सांगणारी ओळ शेवटी. उत्तर आलं, पहिल्या ओळीत चूक. "हे नाव कशाचं, मला माहीत नाही."

बाबा त्या वाक्याकडे बराच वेळ बघत राहिले. मी ते पुसून ओळी वरखाली करायला हात पुढे केला, तर त्यांनी माझा हात बाजूला केला. दुपारची लाइट जाईपर्यंत ते त्याच चार ओळींशी बसले. लाइट गेली, लिहिलेलं गेलं. आली तेव्हा त्यांनी पहिल्यापासून लिहायला घेतलं. या वेळी नाव आधी.

उत्तर बरोबर आलं, त्याखाली एक हसरा चेहरा आणि "फारच छान!" अशा अर्थाचं काहीतरी. बाबांनी त्या चेहऱ्यावर अंगठा ठेवून तो झाकला. चाळीस वर्षं स्तुती वाटलेल्या माणसाला तिचा भाव माहीत असतो. त्यांना हवी होती ती वरची ओळ. चुकलं म्हणून पडद्यातल्या त्या मास्तरानं त्यांच्यावर दया केली नव्हती, मोठ्यानं बोलला नव्हता, आणि त्यांच्या "ते"चा अर्थ स्वतःच लावून पुढे गेला नव्हता. नाव सांगा म्हणाला आणि थांबला.

मग एके संध्याकाळी, आम्ही जेवायला बसलो असताना, बाबा म्हणाले, "पंखा." थांबले. आई उठायला लागली तर त्यांनी डोळ्यांनी तिला बसवलं. "हळू."

आईनं पंखा हळू केला आणि स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

ते सरळ चढत गेलं असं सांगणं खोटं होईल. काही दिवस काहीच यायचं नाही. "खिडकी" हा शब्द तर पावसाळा सरेपर्यंत आला नाही. ते "उजेड" म्हणायचे आणि मग "बंद". पण आता ते "ते"नं सुरुवात करत नसत. आधी वस्तू, मग तिचं काय करायचं, मध्ये मोकळी जागा. एका ओळीत एकच काम. आम्ही त्या मोकळ्या जागेत गप्प बसायला शिकलो. हे शिकणं आम्हाला त्यांच्या शिकण्यापेक्षा अवघड गेलं. मामांना तर ते जमलंच नाही. त्यांना आई बाहेर ओसरीत बसवायची आणि चहा द्यायची.

मे महिन्यात, एकच काम पुन्हा पुन्हा करून घेण्याचा धडा आला. बाबांनी एक ओळ लिहिली आणि ती फिरवायला लावली, पण थांबायचं कधी ती अट घालायला विसरले. पडद्यावर त्यांनी लिहिलेला "सन्माननीय" हा एकच शब्द इंग्रजी अक्षरांत वरून खाली धावत सुटला. पान भरलं, आणखी भरलं, बटणं दाबली तरी थांबेना. मी घाबरून वायर काढायला निघाले आणि मागे आवाज आला. बाबा हसत होते. आजारानंतर पहिल्यांदा. हसताना तोंड एका बाजूला ओढलं जात होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं, तरी हसत होते. पडद्याकडे, मग स्वतःच्या छातीकडे बोट केलं त्यांनी. "मी," म्हणाले. या वेळी पुढचं कोणाला सांगावं लागलं नाही.

सुट्टी संपत आली तसा जूनियर पुन्हा आला. बाबांनी त्याला बसवलं. "कोर्ट," ते म्हणाले. "मी. सांगतो."

"साहेब, जज साहेब नवीन आहेत. त्यायले माहीत नाही तुमचं. उगाच तिथं काही झालं तर..." तो माझ्याकडे वळला. "ताई, तुम्ही तरी समजवा."

"त्यांनाच सांगा," मी म्हणाले.

 नंतर फाटकापाशी तो मला म्हणाला, "लोक हसतील ताई. मले नाही पाहवणार." तो खोटं बोलत नव्हता.

एक अडचण मात्र मला सुचली नव्हती, बाबांना सुचली होती. कोर्टात हिंदीत बोलायचं होतं. जे काही शब्द परत आले होते ते घरातले, मराठी. शेवटचे आठ-दहा दिवस अभ्यासक्रम बंद राहिला. बाबा सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसत आणि ओठ हलवत. मी जवळ गेले की थांबत.

कोर्ट उघडलं त्या दिवशी त्यांनी काळा कोट घातला. आईनं उजवी बाही चढवून दिली. "अवो, नाही जमलं तं बसून घ्या," ती म्हणाली. "हौ," बाबा म्हणाले.

खोलीत गर्दी होती, पंखे होते, जुने लोक होते. बाबांना पाहून काहीजण उठले. जूनियरनं अर्ज पुढे ठेवला. त्यावर आता सही होती, डाव्या हाताची, वाकडी. जज साहेब तरुण होते. अर्ज वाचून म्हणाले, "ठीक है, स्वीकार। वकील साहब, आप बैठिए, कष्ट मत कीजिए।"

बाबा बसले नाहीत. टेबलाच्या कडेला डावा हात ठेवून उभे राहिले. खोली हळूहळू शांत झाली, जशी त्यांच्या भाषणाआधी व्हायची, पण वेगळी.

"मेरे मुकदमे," ते म्हणाले.

मग काही आलं नाही. जूनियरचे ओठ उघडले. मी त्याच्या बाहीला हात लावला. जज साहेबांनी पेन उचललं, बाबांकडे पाहिलं आणि परत ठेवलं. मागच्या बाकावर कोणीतरी खोकलं. मला तो शब्द माहीत होता, खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होता, आणि कोणीही तो बोललं नाही.

"इनको," बाबा म्हणाले, आणि जूनियरकडे बोट केलं. पुन्हा थांबले. "मैं। वकालत। छोड़ता हूँ।"

"और कुछ कहना चाहेंगे?" जज साहेबांनी विचारलं. ते थट्टा करत नव्हते, खरंच विचारत होते.

बाबांनी विचार केला. ते चाळीस वर्षं उभे राहिले होते त्या जागेवर; म्हणण्यासारखं पुष्कळ असणार.

"नहीं," ते म्हणाले.

कोर्टात टाळ्या वाजवत नाहीत, ते बरं आहे. जूनियर रडत होता आणि ते कोणाला दिसू नये म्हणून फायली नीट लावत होता. बाहेर पुकारा झाला, पुढच्या खटल्याची माणसं आत आली, आणि आम्हाला त्यांच्यासाठी जागा करून द्यावी लागली.