आते उतर!

भूत, हडळ, चकवा असलं काही सांगायला कुणी आलं, तर मी त्याला चहा पाजते आणि वाटेला लावते. सुइणीच्या नोकरीत जन्म गेला माझा, अंगारे-धुपारेवाल्यांशी भांडण्यात निम्मा! त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय. पण एकदाचं लिहून टाकते.

लढाईचे दिवस होते. नाशिकला नर्सचं ट्रेनिंग संपलं आणि थेट पिंपळनेरच्या दवाखान्यात ड्यूटी लागली. पश्चिमेकडचे डोंगरातले पाडे माझ्याकडे. तिकडे गाडीवाट नाहीच, घोडीवर बसा नाहीतर चाला. आणि मी? मी जत्रेतल्या लाकडी घोड्यावरसुद्धा कधी बसले नव्हते.

दवाखान्याची घोडी सांभाळायला नाना होते. साठीचा माणूस, एरवी गोड, शिकवायला लागला की खाष्ट. "डावीकडथीन चढ. लगाम ढिली धर, तिनं तोंड वढू नको. चढले पुढे वाक, उतारले मांगे रेल. वाट घोडीले मालूम शे, तुले नही!" सगळं अरे-तुरेतच. आधी कानाला टोचायचं, मग सवय झाली.

पहिल्याच दिवशी तासभर चाललो आणि नाना मागून म्हणाले, "आते उतर!" माझ्या भावाची मुलगी मला आते म्हणायची. मी फणकारले, "मी तुमची आते कधीपासून झाले हो?" नाना हसता हसता खालीच बसले. "आते म्हंजे आत्ता, वं बाई!"

झालं असं, की खोगीर बांधताना घोडी लबाडीनं पोट फुगवते. तासाभरात पोट उतरतं आणि खोगिराचा पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, ढिला पडतो. मग स्वार खोगिरासकट जमिनीवर. म्हणून मध्येच उतरून तंग आवळायचा. "हाक उनी का उतरानं. इचारत बसानं नही," नाना म्हणाले. पुढे चार-पाच वेळा आम्ही तसेच गेलो. ती हाक आली की माझे पाय आपोआप रिकिबीतून सुटायचे.

एका सकाळी वरच्या पाड्यावरून एक जण धावत आला. बायको रात्रीपासून अडलेली, मूल पायाळू. नाना साक्रीच्या बाजाराला गेलेले. तो गडी पायवाटेनं पुढे पळाला, तिथून घोडी जात नाही. मी घोडीवाटेनं एकटीच निघाले. वाट पाठ होती.

तासाभरानं स्वतःच उतरून तंग आवळला, परत बसले. मनात एकच... लवकर पोचायचं. शेवटचा चढ लागला. लख्ख ऊन, दोन्हीकडे साग, पानसुद्धा हलत नव्हतं. आणि डाव्या खांद्यामागून अगदी स्पष्ट ऐकू आलं —

"आते उतर!"

मी उतरले. विचारबिचार काही नाही, उतरलेच. मागे वळून पाहिलं तर कुणी नाही. तंग तपासला, बोट शिरेना इतका घट्ट. वाट धड. जनावराचा माग नाही. म्हटलं, बाई गं, ऊन लागलं तुला! परत चढायला रिकिबीत पाय घातला, तर घोडी चारी पाय रोवून उभी. इतकी गरीब घोडी, पण हलेचना! उतरून लगाम धरून चालले की मुकाट मागे येई. चढून बसले की पुन्हा खांब. तीनदा तसंच झालं. मला रडू यायला लागलं. शेवटी उरलेला कोसभर मी तिला ओढत चालत गेले.

पोचले तेव्हा उशीर झाला होता. बाई वाचली. मूल गेलं होतं, अजून कोमट होतं. सासू एवढंच म्हणाली, "जराशी आगोदर येती ते..."

परत येताना त्याच चढावर घोडीवर बसले, ती शहाण्यासारखी चालली. नानांनी तिचे खूर पाहिले, पाठ चाचपली, खोगीर उलटंपालटं केलं. कुठे काही नाही. "मी ते साक्रीले व्हतू, बाई," हाकेचं ऐकून एवढंच पुटपुटत राहिले. साक्रीत त्यांना दहा जणांनी पाहिलेलं. मग ती हाक नानांची नव्हती? भाचीची म्हणावी, तर आवाज बाईचा की बाप्याचा हेही मला सांगता येत नाही. दोन शब्द ऐकले, एवढं मात्र खरं.

ज्याला सांगावं तो म्हणतो, देवानं तुला वाचवलं. अहो, पण कशातून? तंग शाबूत, वाट शाबूत, मी शाबूत. मोडलं ते फक्त त्या घरचं.

दहाव्या दिवशी त्या बाळंतिणीला तपासायला गेले. ती पडल्या पडल्या माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "बाई, तुले येवाले उशीर का व्हयना?"

"घोडी अडली," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. घोडी अडली हे खोटं नव्हतं. पण आधी मी उतरले होते, आणि कुणाच्या सांगण्यावरून, ते मला अजून माहीत नाही.